कपॅसिटर टाक म्हणे!

आठ दिवस झाले एका माइकच्या मागे लागलोय आणि आज डोकं फिरलंय. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घसा पार बसलाय तिचा, डॉक्टर म्हणाले अजिबात ओरडायचं नाही, आणि वर्गात चाळीस पोरं. म्हणून म्हटलं कमरेला छोटा स्पीकर, कॉलरला माइक असं घरीच करून देतो. इलेक्ट्रेट कॅप्सूल (म्हणजे बटणाएवढा माइक), आवाज मोठा करणारी एलएम ३८६ चिप, ९ व्होल्टची बॅटरी, एका व्हिडिओत बघून जोडलं, झालं. पहिल्याच तासाला बटण दाबलं की कुईईई! पोरांनी कान दाबले, ताईने काढून पर्समध्ये टाकला. संध्याकाळी बसक्या आवाजात मला म्हणते, राहू दे रे, ओरडेन मी.

कसं राहू देऊ?

ज्याला विचारावं त्याचं एकच, कपॅसिटर टाक. अरे कुठे टाकू, केवढा टाकू, कशासाठी टाकू? एकाही शहाण्याने विचारलं नाही की शिट्टी हवेतून येतेय की सर्किटातून. दोन वेगळे आजार आहेत हे, औषधं पण वेगळी! तपासायला दोन मिनिटं लागतात, स्पीकरला लांब वायर जोडायची, दुसऱ्या खोलीत न्यायचा, दार लावायचं. शिट्टी थांबली तर स्पीकरचा आवाज हवेतून माइकात परत जात होता, नाही थांबली तर घोळ सर्किटात आहे. हे मला कुणी सांगितलं नाही, चौथ्या दिवशी वैतागून मीच करून बघितलं.

आणि माझ्याकडे दोन्ही निघाले. शिट्टी गेली पण व्हॉल्यूम वाढवला की फट फट फट चालूच. कारण काय, तर व्हिडिओतल्या त्या सर्किटमध्ये कॅप्सूलचा रेझिस्टर थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेला. स्पीकरने करंट ओढला की बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, तो धक्का रेझिस्टरमधून माइकच्या लाइनवर येतो आणि चिप तो इमानदारीत मोठा करून परत स्पीकरला देते. मध्ये १ किलोओहम घातला, तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड आणि पुढे ४.७ किलोओहमने कॅप्सूल, फटफट बंद. मग हे आधीच दाखवायला काय जातं तुमचं? आउटपुटला १० ओहम आणि ०.०५ मायक्रोफॅरड चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्याच माहितीपत्रकात, काढलेलं आहे, ते पण गायब! १९६२ साली बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्टने हा इलेक्ट्रेट माइक बनवला, काय कालची गोष्ट आहे का ही?

सगळ्यात जास्त राग येतो तो चिपच्या एक आणि आठ नंबरच्या पिनमधल्या १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा. जो तो टाकतोच. त्याने गेन, म्हणजे चिप आवाज किती पट करते ते, २० चा २०० होतो, म्हणजे २० डेसिबल वाढतात, आणि स्पीकर हातभर अंतरावर असताना ते २० डेसिबल शिट्टीलाच मिळतात ना! मी तो उपटून फेकला. माइक कॉलरवरून काढला, जुन्या हेडसेटच्या दांडीवर ओठांपासून २ सेंटीमीटरवर आणला. आधी २० सेंटीमीटरवर होता, अंतर दहा पट कमी, म्हणजे तेच २० डेसिबल परत मिळाले, पण फक्त ताईच्या आवाजाला, स्पीकरच्या नाही. एक पैसा खर्च नाही. फुर्र फुर्र येऊ नये म्हणून वरून फोमची टोपी, बास. आणि ते स्पीकरच्या वायरी उलट्या कर म्हणणारे, त्याने शिट्टीचा सूर बदलतो हो, शिट्टी जात नाही!

आता ताई वापरतेय, पण फळ्याकडे वळली की भिंतीवरून आवाज परत येतो आणि बारीक कुई होतेच. त्यासाठी एका दिशेचा कॅप्सूल हवाय, ज्याला मागून पण भोकं असतात. आज त्यासाठी पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे तोच मागून बंद असलेला साधा कॅप्सूल हातात ठेवला, सगळे सारखेच असतात म्हणे, घेऊन जा. एका ठिकाणी खरा मिळाला तर त्याची मागची भोकं वायरी पक्क्या करायला ग्लू गनने बुजवलेली! भोकं बुजली की तो चारी बाजूंनी ऐकणारच, मग मी तो घेऊन काय करू? उद्या मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जातो, सुट्टी टाकलीय.