कारागिरीची जाहिरात आणि कारागिराचा पगार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘कारखान्यांनी मालाइतकेच कामाचेही मार्केटिंग करावे’, म्हणजे तिथले काम व्हिडिओ काढून मुलांना दाखवावे, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर द्यायला चार दिवस घेतले, कारण आपले म्हणणे घाईने निकालात काढण्यासारखे नव्हते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय आधी सांगतो. आपला मुलगा आयटीआयमधून फिटर झाला, एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस राहिला, मुदत संपताच ‘पुढे बघू, कळवू’ असे म्हणून त्याची बोळवण झाली आणि आठवडाभरात त्याच जागेवर नवी तुकडी आली. आता तो पर्यटकांच्या हॉटेलवर भाड्याच्या गाड्या पोचवतो. अशा कारखान्यांना व्हिडिओ काढायला सांगणे म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला पॉलिश मारायला सांगणे होय, असे आपण लिहिले आहे. शिवाय, गोव्यातील मुलांना सरकारी नोकरीचे वेड आहे असे म्हणून मी मालकांचीच री ओढली आणि जर्मनी-अमेरिकेचे दाखले देऊन मूळ प्रश्नाला बगल दिली, हे आपले आणखी दोन आक्षेप आहेत.

मी स्वतः फोंडा तालुक्यात स्टेनलेस स्टीलच्या पाइपिंगचे छोटे वर्कशॉप चालवतो, तेव्हा मी मालकांच्या बाजूने बोलतो आहे अशी शंका येणे साहजिक आहे. पण तीस वर्षांपूर्वी मीही एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस होतो. पहिले पाच महिने मी स्टोअरमधून सामान आणले, चहा आणला आणि शिफ्ट संपल्यावर मशिनीखालचा बुरादा काढला. लेथला हात लावू दिला तो सहाव्या महिन्यात, तोही ऑपरेटर रजेवर होता म्हणून. वर्ष संपल्यावर माझ्याही तोंडाला पानेच पुसली गेली. त्यामुळे आपल्या मुलाबाबत जे घडले ते मला समजावून सांगावे लागत नाही. लेखात मात्र मी ते लिहिले नाही, ही चूक माझी आहे.

आता मुद्द्याकडे येतो. मार्केटिंग म्हणजे जाहिरात, असा समज माझ्या लेखामुळे झाला असेल, तर मी शेवटची पायरी आधी सांगितली म्हणून झाला. विकायला बसणारा माणूस माल कसा आहे, त्याची किंमत किती आणि घेणाऱ्याला तो परत घ्यावासा वाटेल का, याचा विचार आधी करतो आणि मग तोंड उघडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चांगल्या मिरच्या ढिगावर आणि किडक्या खाली ठेवणाऱ्याकडे पुढच्या शुक्रवारी कोणी फिरकत नाही. कारखाना जेव्हा एखाद्या मुलाला ‘आमच्याकडे या’ म्हणतो, तेव्हा तो त्याला आयुष्याची काही वर्षे गुंतवायला सांगत असतो. तिथे किंमत म्हणजे हातात पडणारा पगार आणि माल म्हणजे शिकायला मिळणारे कसब. या दोन्ही गोष्टी धड नसतील, तर व्हिडिओने फसवणूकच होईल. इथे मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

वेर्णा, कुंडई, बेतोडा, डिचोली अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फिरताना फाटकांवरचे फलक वाचावेत. ‘पाहिजेत : फिटर, वेल्डर, हेल्पर. पगार योग्यतेनुसार.’ ही ओळ मी तीस वर्षे वाचतो आहे आणि त्यातली बारा-तेरा वर्षे माझ्याही फाटकावर ती होती. ‘पगार योग्यतेनुसार’ याचा अर्थ ‘तुझी गरज किती आहे ते बघून आकडा सांगू’, हे वाचणाऱ्याला बरोबर कळते. हेच मालक गिऱ्हाइकाला कोटेशन देताना मात्र प्रत्येक बेंड आणि प्रत्येक क्लॅम्पचा भाव वेगळा लिहून देतात.

आणि इथेच मला वाटते की आपण ‘मार्केटिंग’ हा शब्द एकदम टाकून देऊ नये, कारण आमच्या धंद्यात माणूस टिकवणे आणि ऑर्डर मिळवणे यांचा हिशेब एकाच वहीत असतो. आमचे बरेचसे काम औषध कारखान्यांचे. तिथे शुद्ध पाण्याची लाइन ३१६एल प्रतीच्या स्टीलची असते आणि जोड टिग वेल्डिंगने (टंगस्टनच्या कांडीने, वायूच्या आडोशाने करायच्या वेल्डिंगने) करतात. बाहेरून जोड कितीही देखणा दिसला तरी त्याची परीक्षा आतून होते. वेल्डिंग करताना पाइपमध्ये अर्गान वायू भरून आतली हवा हाकलावी लागते. त्यात कुचराई झाली, तर आतल्या बाजूने धातू काळवंडतो आणि साखरेसारखा खरखरीत होतो, आणि अशा खरखरीत जागी पुढे जंतू चिकटून राहतात. तपासणीला आलेला इंजिनिअर पाइपमध्ये बारीक कॅमेरा घालतो आणि पडद्यावर रंग बघतो. चंदेरी किंवा फिकट पेंढ्यासारखा पिवळा असेल, तर पुढचा जोड. निळा-काळा दिसला, तर तो जोड कापायचा. हा रंग राखणारा हात दोन महिन्यांत तयार होत नाही. हात बसायला दीड-दोन वर्षे जातात आणि तेवढ्या काळात बराच महाग पाइप भंगारात जातो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका वेल्डरने अडीच हजारांची वाढ मागितली. मी ती दिली नाही. तो कतारला गेला आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा जोडीदारही गेला. तीन महिन्यांनी एका मोठ्या कामाआधी गिऱ्हाइक कंपनीची माणसे ऑडिटला आली. त्यांनी यंत्रे बघितली नाहीत, दर विचारला नाही. वेल्डरच्या पात्रता चाचण्यांची फाइल मागितली आणि ‘यातले आज कामावर कोण आहेत?’ असे विचारले. फाइलमध्ये तीन नावे होती, समोर एकच माणूस उभा होता. ते काम मला मिळाले नाही. एएसएमई या अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेतील नवव्या विभागाच्या नियमानुसार वेल्डरने एखाद्या पद्धतीने सहा महिने काम केले नाही, तर त्या पद्धतीपुरती त्याची पात्रता संपते आणि चाचणी पुन्हा द्यावी लागते. म्हणजे गेलेला माणूस वर्षाने परत आला तरी कागदावर तो नव्यानेच येतो. रंगीत माहितीपत्रके आणि प्रदर्शनातला स्टॉल यांवर मी त्या वर्षी जो खर्च केला, त्यात त्या वेल्डरची दोन वर्षांची वाढ सहज निघाली असती.

म्हणून अप्रेंटिसला वर्षभर वापरून सोडणारा कारखाना आपल्या मुलावर अन्याय करतो, हे तर खरेच, पण तो स्वतःची विक्रीही कापतो, एवढीच भर मी आपल्या म्हणण्यात घालतो. कारखाने असे का वागतात, याचे कारण कायद्याच्या रचनेतही आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी मानला आहे, कामगार नव्हे. २०१९ मध्ये नियम बदलले आणि ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणे बंधनकारक झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकारने उचलला. हेतू चांगला होता, पण शिकवण्याची इच्छा नसलेल्या मालकाला यातून दरवर्षी नवे, स्वस्त हात मिळत राहतात. मुदतीनंतर नोकरी देण्याची सरसकट सक्ती कायद्यात नाही. मात्र २०१४ च्या दुरुस्तीने एक गोष्ट आली, जी पालकांना फारशी कोणी सांगत नाही : प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अप्रेंटिसना कामावर घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण आखले पाहिजे. ते धोरण करारावर सही करण्याआधी लेखी मागावे. जो कारखाना ते दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे वर्ष घालवायचे की नाही हे त्या टाळाटाळीवरूनच ठरवावे.

सरकारी नोकरीच्या ‘वेडा’बद्दलचे वाक्य मी मागे घेतो. आपण खाणपट्ट्यातल्या सत्तरी तालुक्यातून लिहिता, तेव्हा मी काय सांगणार? सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. मधल्या काळात थोड्या हलल्या. मग ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणींचे ८८ पट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यात काम पुन्हा बंद पडले. कर्ज काढून घेतलेले टिपर दारात उभे राहिले, खनिज वाहणाऱ्या बार्जचे पत्रे बदलणारी मांडवीकाठची वर्कशॉपे ओस पडली आणि ज्यांच्या हातात कसब होते ते मेकॅनिक, वेल्डर, ऑपरेटर यांचीही त्यातून सुटका झाली नाही. ज्या घराने सहा वर्षांत दोनदा चूल विझताना पाहिली, त्या घरातली आई ‘नोकरी पर्मनंट आसा?’ हा प्रश्न आधी विचारते, तो हिशेब करून विचारते. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले, त्यावर महागाई भत्ता, रजा आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार. खासगी कारखान्याची स्पर्धा या प्रस्तावाशी आहे, आणि मुलांच्या आळसाबद्दल कुरकुर करून ती जिंकता येणार नाही.

बाहेरच्या राज्यांतील कामगार स्वस्त म्हणून आणले जातात, असे आपण ओघात म्हटले आहे. हेल्परच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. पण ज्याचा हात बसला आहे असा झारखंडचा किंवा ओडिशाचा वेल्डर स्वस्त नसतो. तो रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हाची (शटडाउनची) कामे करून आलेला असतो, स्वतःचा रोजचा दर सांगतो आणि तो मिळाला नाही तर रात्रीच्या गाडीने निघून जातो. त्याच्यावर राग धरण्याऐवजी तो हे कसब कुठे आणि किती वर्षांत शिकला, हे आपल्या मुलांनी त्याला विचारावे, असे मला मनापासून वाटते.

परदेशी दाखल्यांबाबत आपला आक्षेप अर्धा मान्य. अमेरिकेत २०१२ पासून ऑक्टोबरमध्ये ‘मॅन्युफॅक्चरिंग डे’ साजरा होतो आणि कारखाने शाळकरी मुलांसाठी दारे उघडतात, एवढेच मी लिहिले होते. तरीही तिथे माणसे पुरत नाहीत : २०३३ पर्यंत लागणाऱ्या सुमारे ३८ लाख जागांपैकी १९ लाख रिकाम्या राहू शकतात, असा अंदाज डेलॉइट आणि मॅन्युफॅक्चरिंग इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये मांडला. म्हणजे नुसती दारे उघडून भागत नाही. जर्मनीत मूल आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत शिकते. १९६९ च्या कायद्याने त्याला चौकट आहे आणि शेवटची परीक्षा मालक नव्हे, तर उद्योगांचे चेंबर घेते. मालकाच्या मर्जीबाहेरची ही परीक्षा हाच त्या पद्धतीचा कणा आहे आणि तोच मी लेखात गाळला होता.

तरीही काम दाखवले पाहिजे, हा माझा आग्रह कायम आहे. वास्कोच्या गोवा शिपयार्डने २३ जुलै २०२४ रोजी ‘त्रिपुट’ ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका पाण्यात सोडली. १९५७ पासूनचा हा कारखाना आपल्या दारात आहे. पण त्या नौकेचा एकेक पत्रा जोडताना वेल्डर काय करतो, डोक्यावरचा जोड उताण्या हाताने कसा भरतो, हे गोव्यातल्या किती घरांत ठाऊक आहे? मुलाने जे कधी पाहिलेच नाही ते तो निवडणार कसे? आणि मुलींना तर अजून वर्कशॉपच्या दारातूनच परत पाठवले जाते, जेव्हा बारीक पाइपच्या टिग वेल्डिंगला ताकद नव्हे, तर स्थिर हात आणि धीर लागतो.

माझ्या फाटकावरचा फलक मी गेल्या वर्षी बदलला. आता त्यावर लिहिले आहे : पाइप फिटर, सुरुवातीला हातात १९,५०० रुपये; सहा महिन्यांनी चाचणी पास झाल्यावर २४,०००; चाचणीचा खर्च वर्कशॉपचा; रात्रपाळी नाही; बस फोंड्याहून. पूर्वी महिनोन्महिने कोणी चौकशी करत नसे, आता फोन येतात. फोन करणाऱ्यांपैकी अनेकांना हा पगार कमी वाटतो आणि ते तसे सरळ सांगतात. तेही मला उपयोगाचे आहे, कारण पुढच्या कोटेशनमध्ये मजुरीचा आकडा किती धरायचा ते त्यावरून कळते.

‘आता माझ्या मुलाने काय करायचे ते सांगा’, असे आपण शेवटी विचारले आहे. अप्रेंटिसशिपनंतरची परीक्षा त्याने दिली आहे का आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हातात आले आहे का, हे आधी पाहावे. ते प्रमाणपत्र म्हणजे कारखान्याने करायची मेहेरबानी नव्हे. करारनोंदणी क्रमांक घेऊन त्याने आपल्या आयटीआयमधील अप्रेंटिसशिपचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जावे. फिटरचे शिक्षण वाया गेले असे त्याने समजू नये. पाइपच्या दोन तोंडांत केसाचीही फट न ठेवता ती एका रेषेत आणणे हे फिटरचेच काम आहे, आणि ते जमले नाही तर उत्तम वेल्डरही हात टेकतो. त्याची इच्छा असेल तर त्याने दोन दिवस माझ्याकडे येऊन काम करून पाहावे; त्या दोन दिवसांची मजुरी त्याला मिळेल, आणि काम आवडले नाही तर तसे सांगून जावे. येताना सेफ्टी शूज असतील तर घालून यावे, नसतील तर मापाचा नंबर आधी कळवावा.