पट्टी बसली! आता कार्यक्रम पुढे कसा ढकलाल?

समूहगानाचा कार्यक्रम पुढे ढकलायचा झाला तर चुकूनही माणसाला आजारी पाडू नका. आमच्या मंडळाने ही चूक एकदा केली. मुख्य गायिकेचा घसा बसल्याचं कळवलं, आणि त्याच संध्याकाळी बाई कॉलेज रोडला पाणीपुरी खाताना अध्यक्षांच्या सुनेला दिसल्या. पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, तसं नाही. पेटी पाणीपुरी खात नाही. खोळ चढवून कोपऱ्यात ठेवली की उलट उत्तरही देत नाही. इतका गुणी आरोपी दुसरा मिळायचा नाही.

मात्र बिघाड पारखून घ्या. भाता फाटला तर पेटी अजिबातच बोलत नाही, आणि मग कोणीतरी म्हणतं, "चला, नुसत्या तंबोऱ्यावर गाऊ." एखादा सूर मुका झाला तर ते धुळीचं काम, कोणीही फुंकर मारून मोकळं होतं. खरा राजेशाही बिघाड म्हणजे पट्टी बसणं. बोट उचललं तरी पट्टी वर येत नाही, खालची झडप उघडीच राहते आणि भाता हलतोय तोवर तो एकच सूर चालू. आभारप्रदर्शन उरकलं तरी माइक न सोडणारे प्रमुख पाहुणे आठवा, तसं.

आता पट्टी बसावी यासाठी काही खास करावं लागत नाही. तालमीला नाशिककर रिकाम्या हाताने येत नाहीत. चिवड्याची पुडी येते, ती पेटीवरच उघडली जाते, कारण टेबलावर शाली असतात. बाकीचं दैवाधीन.

आमची काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी, बसली. तीही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. आम्ही गातो काळी एकात, म्हणजे आमचा सा पहिल्या काळ्या पट्टीवर, त्यामुळे काळी तीन हा आमचा शुद्ध मध्यम, म्हणजे म. आणि सुरुवातीची प्रार्थना भूप रागातली! भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. एरवी आमच्या 42 गळ्यांपैकी आठ-दहा गळे भूपात तो मध्यम सहा महिने हळूच लावत होतेच, पण गर्दीत खपून जात होतं. पेटीने तो मोठ्याने लावला. झालं, सगळे एकदम रागशुद्धीवर आले. "छे छे, हे असं रसिकांपुढे नेणं म्हणजे पाप." ज्यांना अंतऱ्याचे शब्द अजून कागदात बघावे लागत होते, ते यात आघाडीवर.

या क्षणी सावध राहा. प्रत्येक मंडळात एक तरी समजूतदार व्यक्ती असते आणि ती नेमकी अशा वेळी तोंड उघडते. आमच्याकडे बारावीतली एक मुलगी आहे. ती म्हणाली, "काका, सा पांढरी सातवर घेऊ या ना. मग काळी तीन पंचम, म्हणजे प होईल. वाजत राहिली तरी तंबोऱ्यासारखी वाटेल."

हिशेब बिनचूक होता. दोनच पट्ट्या खाली, उलट वरचे सूर गाठताना होणारी आमची ओढाताण वाचली असती. अशा वेळी हिशेबावर वाद घालू नका, हराल. "तबला काळी एकचा आहे" एवढंच म्हणा. तेवढ्यात तबलजी पिशवीतून हातोडी काढून सूर बदलायला तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकायला बसेल. त्याला चहा सांगा. आणि मुलीला प्रेमाने विचारा, "बारावीचं वर्ष ना गं तुझं? अभ्यास कसा चाललाय?" महाराष्ट्रात या प्रश्नानंतर कुठलीही बुद्धिमान सूचना जिवंत राहिलेली नाही.

एक-दोन इतिहासवालेही निघतील. ते सांगतील की द्वारकानाथ घोषांनी कलकत्त्यात हातपेटी केली ती 1875च्या सुमारास, त्याआधी काय लोक गात नव्हते? ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं, त्या तीस वर्षांत गाणं काय बंद पडलं होतं? यांना "वा, छान माहिती" म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागा. महिनाभर फोन उचलणार नाहीत. सगळ्यांत अवघड ते, जे हळूच विष्णू दिगंबर पलुसकरांचं नाव घेतात. ज्यांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे आपल्याच पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभारला, त्यांच्या गावात एका पट्टीपायी गाणं अडावं? यावर उत्तर नाही. त्यांच्या तसबिरीला हार घाला आणि पुढच्या विषयाकडे वळा.

पुढचा विषय म्हणजे मजकूर. "पेटी बिघडली" असं लिहू नका, लोक विचारतात, दुसरी नाही का? (आहे. आमच्याच खजिनदारांच्या घरी आहे. तिच्यावर टीव्ही ठेवलेला आहे.) "तांत्रिक कारणास्तव" लिहा. डिसेंबर असेल तर "कडाक्याच्या थंडीमुळे वाद्यात उद्भवलेल्या" हे शब्द आधी जोडा आणि निफाडचा पारा किती घसरला तेही घाला. थंडीने पट्टी बसते का, असं कोणी विचारत नाही. निफाडचा पारा म्हटलं की नाशिककराची मान अभिमानाने आपोआप हलते. "रसिकांची गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत" हे असूच द्या, जरी पासांपैकी निम्मे आपल्याच नातेवाइकांकडे असले आणि त्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडलेला आपण फोनवर ऐकला असला तरी.

वड्यांची ऑर्डर रद्द होत नाही. तातडीची बैठक बोलवा. या बैठकीला हजेरी कोणत्याही तालमीपेक्षा जास्त असते.

राहता राहिला कारागीर. पेटी त्याच्याकडे नेताना एकट्याने जा, कमिटी घेऊन जाऊ नका. आमचे काका जुन्या नाशकात एका बोळात बसतात. त्यांनी वरची फळी काढली, चष्मा कपाळावर सरकवला, चिमटा घातला आणि दोन पट्ट्यांच्या फटीतून अर्धा शेंगदाणा बाहेर काढला. तिखट-मीठ लावलेला. काळी तीन टुणकन वर आली. "झालं," ते म्हणाले, "घेऊन जा. संध्याकाळी गाता येईल."

इथे अनेक मंडळं ढासळतात. तुम्ही ढासळू नका. त्यांना सांगा, "काका, घाई नाही, राहू द्या तुमच्याकडे महिनाभर. भातासुद्धा बघा, सूर पुसा." पैसे आगाऊ द्या. आणि निघताना तो शेंगदाणा कागदात बांधून मागून घ्या. फेब्रुवारीची नवी तारीख जाहीर झाली आहे.