दुखत नाही म्हणून

आज अमळनेरच्या बाजारात गावातले एक मामा भेटले. पायाच्या अंगठ्याला मळकी चिंधी. विचारलं, तर म्हणाले, "पऱ्हाटीचं खुंट घुसनं. पंधरा दिन व्हयनात. काय व्हस रे, दुखत बी नही! घरमाना कापूस इकाई जाऊ दे, मंग दखू."

दुपारपासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

माझ्या नानांनीही, म्हणजे वडिलांनीही, हेच सांगितलं होतं. खुंटही पऱ्हाटीचंच, म्हणजे कपाशीच्या झाडाचंच, आणि बोलही तेच, "दुखत नही." मायने हळद भरली, धडपा बांधला. मग चुलतबहिणीचं लग्न आलं. मग "आखाजी होऊ दे," म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला सासुरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि आमच्या ओसरीत वास येत होता. तो वास नानांच्या पायाचा आहे, हे मायला कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. धुळ्याला नेलं. आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल.

लोक म्हणतात, एवढ्याशा खुंटाने पाय गेला. खुंटाने नाही गेला हो! नानांची शुगर किती वर्षं वाढलेली होती, ते आम्हाला तिथं कळलं. शुगर पायाच्या नसा मारते. नस मेली की दुखणं कळत नाही. रक्तही पुरेसं पोचत नाही, मग जखम भरायची कशी? म्हणजे "दुखत नाही" ऐकलं की त्याच दिवशी उठायला हवं होतं. आम्ही उलटे निर्धास्त झालो.

आणि खूण त्याच्याही वर्षभर आधी दिसली होती. नानांची चप्पल चालताना पायातून निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मीच मागून उचलून आणून द्यायचो. रात्री पायाला मुंग्या येतात म्हणायचे, आम्ही तेल चोळायचो.

आता राग येतो तो याचा. हेच नाना कपाशीत एक डोमकळी, म्हणजे बोंडअळीने आतून धरलेलं न उमललेलं फूल, दिसली की जेवण सोडून वावरात धावायचे. अळीच्या पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 पतंग सापडले की फवारणी करायची, हे तोंडपाठ. आतली अळी दिसायची वाट कोण बघतं? बोंड फोडून बघेपर्यंत कापूस गेलेला असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग स्वतःच्या पायाची डोमकळी का दिसत नाही आपल्याला?

पैसा नसतो, मान्य. एक दिवस दवाखान्यात गेला की मजुरी बुडते, तेही खरं. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून शुगर बघतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचारही फुकट आहेत. आणि नानांच्या पायापायी आम्ही जो कापूस पडत्या भावात विकला, त्याचा हिशोब कोणाकडे मांडू?

बरं, प्रत्येक खरचटण्याला डॉक्टर नको, हेही कबूल. पण शुगरवाल्याच्या पायाची जखम खरचटणं नसते. आणि शुगर आहे की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याने तर अजिबात थांबू नये.

नानांवर चिडून लिहायला बसलो होतो, पण खरं सांगू? त्यांनी कधी स्वतःच्या पायाकडे बघितलंच नाही. घरी आले की आधी बैलांचे खूर बघायचे, कुठं काटा रुतला का म्हणून. त्यांचा पाय आम्ही बघायला हवा होता. रोज संध्याकाळी, दिव्याखाली, बोटांच्या बेचक्यांसकट. आता मी मायचे बघतो. ती लाजते, पाय ओढून घेते, तरी बघतो.

मघाशी मामांच्या घरी जाऊन आलो. मामी म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ, त्या ऐकाव नहीत." मी ओसरीवर बसलो, चिंधी सोडली, जखमेच्या कडेला बोटाने दाबलं आणि विचारलं, "मामा, कळतंय का?" ते म्हणाले, "काय?"

उद्या सकाळी 8 वाजता गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहणार आहे. कापूस पडू दे घरात.