खुलासा: बॅटरीचा गॅस तळाशी बसत नाही, वर चढतो

‘इन्व्हर्टर बॅटरीचा गॅस जड असतो, पेटीला तळाशी भोकं पाडली की पुरे,’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही.

चार्जिंगच्या शेवटी सुटणारा हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे 14 पट हलका. तो झाकणाखाली साठतो आणि प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. पूर्ण भरलेल्या 12 व्होल्टच्या बॅटरीत 10 अँपिअर जातच राहिले, तर तासाला सुमारे 25 लिटर हायड्रोजन निघतो. 200 लिटरची बंद पेटी 20 मिनिटांत त्या मर्यादेला पोचते. सीलबंद बॅटरीचे व्हॉल्व्हही अशा वेळी उघडतात.

150 अँपिअर-तासाच्या एका ट्युब्युलर बॅटरीला तळाशी 25 चौरस सेंटिमीटर आणि त्याच्या विरुद्ध बाजूला, अगदी झाकणालगत, तेवढंच तोंड हवं. जाळी लावणार असाल तर थोडं मोठं. वरचं तोंड जिन्याखालच्या कपाटात नव्हे, मोकळ्या हवेत निघालं पाहिजे. पंखा लावायचाच तर खाली, हवा आत ढकलणारा. वर लावला तर मोटरची ठिणगी थेट गॅसमध्ये पडते.

वासावर विसंबू नका, हायड्रोजनला वास नसतो. सडक्या अंड्यांचा वास विषारी हायड्रोजन सल्फाइडचा; तो आला तर दूरच्या स्विचने चार्जिंग बंद करा.