सात, अकरा की बावीस?

इलेक्ट्रिक गाडी घेणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. गाडीत बसता येतं, ती चालवून बघता येते, दारं आपटून बघता येतात, आणि काहीच कळलं नाही तरी रंगावर मत देता येतं. घरी लावायच्या चार्जरचं तसं नाही. तो भिंतीवर टांगलेला असतो आणि आपण त्याच्यासमोर उभे असतो. विक्रेता म्हणतो, "बघा ना, निवांत बघा." काय बघायचं? एक डबा, त्यावर एक दिवा. दिवा हिरवा आहे. आपण मान डोलावतो.

मग तो पहिला प्रश्न टाकतो. "सात घेणार, अकरा की बावीस?"

हे किलोवॉट असतात. पण विचारणाऱ्याचा सूर असा, की 'सात' म्हणताना आवाज आपोआप खाली यावा. परीक्षेचे गुण असोत की टीव्हीचे इंच, मोठा आकडा म्हणजे चांगला, याच शिकवणीत आम्ही वाढलो. त्यामुळे 'बावीस' माझ्या अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात बायकोने विचारलं, "पण आमची गाडी किती घेते?"

विक्रेता खोकला.

भिंतीवरचा तो डबा मुळात चार्ज करतच नाही, ही बातमी या धंद्यात कोणी आपणहून सांगत नाही. घरात येते ती वीज एसी, बॅटरीला लागते डीसी. हा बदल करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात बसवलेला असतो आणि त्याची जेवढी कुवत, तेवढीच वीज गाडी घेते. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरची गोष्ट वेगळी, तो डीसी करूनच देतो, म्हणून तर तो कपाटाएवढा असतो. आमच्या गाडीची कुवत सातच्या आसपास. म्हणजे बावीसचा डबा लावला तरी ती सातच घेणार, आणि उरलेले पंधरा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसते तोंडी सांगत बसणार. शिवाय बावीससाठी थ्री-फेज हवी, तीही प्रत्येक फेजवर ३२ अँपिअर देणारी. आमच्याकडे सिंगल फेज. ३२ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट, झाले ७,३६० वॉट. सातच्या डब्याची सगळी थोरवी या एका गुणाकारात मावते.

घरी येऊन पुढचा हिशेब बायकोनेच मांडला. किलोवॉट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट, हे तिने मला दोनदा सांगितलं, कारण मी दोन्हींना किलोवॉटच म्हणत होतो. दिवसाला समजा चाळीस किलोमीटर गाडी फिरली, तर साधारण सहा-सात युनिटं लागणार. गाडीबरोबर येते त्या दहा अँपिअरच्या पोर्टेबल केबलवर ती तीन तासांत भरतात. आणि गाडी रात्रभर उभीच असते.

"मग आपण हे कशासाठी घेतोय?" ती म्हणाली.

हा प्रश्न घरात विचारायचा नसतो. मी म्हणालो की लांबच्या प्रवासाहून रिकाम्या बॅटरीने आलो आणि सकाळी परत निघायचं असलं तर चाळीस युनिटं दहा अँपिअरवर भरायला सतरा-अठरा तास लागतील, सातवर सहा. हे खरं होतं. अशी वेळ वर्षातून किती वेळा येते, ते तिने विचारलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. दुसरं कारणही खरं, आणि जास्त वजनाचं. घरातल्या साध्या सॉकेटातून तासन्‌तास पूर्ण भार खेचला की सैल पडलेले जोड तापतात. सॉकेट मिक्सरसारख्या पाहुण्यांसाठी असतं, मुक्कामाला येणाऱ्यांसाठी नाही.

आता वायरमन आला. त्याने डब्याची एकही पुस्तिका बघितली नाही. मीटरपाशी उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं आणि विचारलं, "अर्थिंग आहे?"

"आहे ना!" मी म्हणालो. सॉकेटला तिसरं भोक होतं, त्याच्या मागे हिरवी वायरही होती. त्या वायरचं दुसरं टोक भिंतीत शिरून कुठेही जोडलेलं नव्हतं. इतकी वर्षं ती वायर केवळ शोभेसाठी तिथे होती आणि आम्ही तिच्या भरवशावर ओल्या हातांनी इस्त्री करत होतो. पुष्कळसे वॉलबॉक्स, म्हणजे हेच भिंतीवरचे डबे, अर्थिंग सापडलं नाही तर चार्जिंग सुरूच करत नाहीत. इस्त्री एवढी चोखंदळ नसते.

मग त्याने आरसीसीबीचा विषय काढला. गळती झाली की वीज तोडणारं ते बटण. नेहमीच्या साध्या प्रकाराला एसीची गळती कळते, डीसीची कळत नाही, आणि गाडीत बसलाय डीसीचा कारखाना. म्हणून टाइप ए घ्यायचा आणि डब्यातच सहा मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आहे की नाही ते बघायचं, नाहीतर त्याहून महाग टाइप बी लावायचा. मी दुकानात परत जाऊन हे विचारलं तेव्हा विक्रेत्याने डब्याचा दिवा निळाही करता येतो असं सांगितलं. माझ्या मते चार्जर निवडताना विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा सहा मिलिअँपिअरचा आहे, आणि सर्वांत जास्त उत्तरं मिळतात ती दिव्याच्या रंगाबद्दल.

आईची शंका पावसाची होती. "तिरका आला म्हणजे?" इथे मात्र मानकं लिहिणाऱ्यांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. डबा धूळ-पाणी किती सोसतो ते आयपी नावाचा दर्जा सांगतो. त्याच्या दोन आकड्यांतला पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा तीन असेल तर उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत तिरकं येणारं पाणी चालतं, चार असेल तर कुठूनही उडालेलं. म्हणजे आयपी ५४ ला तिरका पाऊस मान्य आहे. कोणीतरी, कुठल्यातरी प्रयोगशाळेत, आमच्या आईची शंका अंशांत मोजून ठेवली आहे. मार खाण्याचाही वेगळा आकडा असतो. आयके १० म्हणजे पाच किलोचं वजन चाळीस सेंटिमीटरवरून आदळलं तरी डबा टिकतो. हे ऐकून चिरंजीवांनी घरात पाच किलोचं काय काय आहे त्याची यादी करायला घेतली.

केबलवरून मात्र घरात दुफळी माजली. मी गाडी मागे घेऊन लावतो, बायको सरळ आत घालते. गाडीचं चार्जिंगचं तोंड एका कोपऱ्यात. त्यामुळे पाच मीटरची केबल माझ्या पद्धतीला पुरते आणि तिच्या पद्धतीला हातभर कमी पडते. दोरी घेऊन मोजणी झाली. 'तू मागे घेऊन लाव' आणि 'तू सरळ लाव' यांवर दोन्ही बाजूंनी जुने दाखले निघाले, त्यांतले काही गाडीशी संबंधित नव्हते. शेवटी साडेसात मीटरची केबल घ्यायचं ठरलं. जगात संसार टिकवणारी ही अडीच मीटर वायर कंपन्यांनी जाहिरातीत का वापरू नये, कळत नाही.

एका मित्राने लोड बॅलन्सिंगची महती सांगितली. मुख्य वायरीला एक चिमटा लावायचा, तो घराचा एकूण भार मोजतो आणि गीझर लागला की गाडीचा विद्युतप्रवाह कमी करतो. सहा अँपिअरच्या खाली जायची वेळ आली की चार्जिंग थांबतं, कारण मानकाप्रमाणे त्याहून कमी देताच येत नाही. म्हणजे कोणी लांबलचक अंघोळ करत बसलं की बाहेर गाडी उपाशी. मंजूर भार तोकडा असेल तर ही सोय घ्यावीच, भार वाढवून घेण्याच्या अर्जापेक्षा बरी.

त्याच मित्राच्या गाडीने मात्र एका रात्री एक युनिटही घेतलं नाही. डब्याच्या अ‍ॅपमध्ये त्याने वेळ लावली होती बारानंतरची आणि गाडीच्या अ‍ॅपमध्ये बाराच्या आतली. दोघांनी वेगवेगळे मुहूर्त काढले आणि लग्न लागलं नाही. डबा आणि गाडी यांचं बोलणं एरवी फार समंजस असतं. डबा एका बारीक वायरीवरून सेकंदाला हजार ठोके देतो आणि ठोक्यांच्या रुंदीवरून गाडीला कळतं की जास्तीत जास्त किती अँपिअर मिळतील. गाडी तेवढे घेते किंवा कमी घेते. जास्त मागायची रीत नाही. आमच्या घरात या पद्धतीने बोलणारं दुसरं कोणी नाही.

अ‍ॅपच्या बाबतीत मी एवढंच बघितलं की डब्याला ओसीपीपी येतं का. ती सगळ्यांसाठी खुली अशी भाषा आहे. उद्या कंपनीने आपला सर्व्हर गुंडाळला तर दुसऱ्या कोणाच्या तरी सॉफ्टवेअरला डबा जोडता येतो. कार्ड दाखवून चालू करायची सोय नाकारली. आमच्या दारात येऊन गुपचूप सहा तास गाडी लावून बसणारा चोर सापडला तर त्याला चहा विचारायचीही माझी तयारी आहे.

तर सात किलोवॉटचा, साडेसात मीटर केबलचा, काळा डबा आला. वायरमनने स्वतंत्र लाइन ओढली, अर्थिंग खरोखरच जमिनीत नेलं, आणि शेजारी छोट्या पेटीत एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, बसवला. हे सगळं अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्ची टाकून बघत होते. झोपण्यापूर्वी घरभर फिरून प्रत्येक बटण बंद करायचं, हा अण्णांचा आयुष्यभराचा नेम. टीव्ही, वॉशिंग मशीन, एकदा तर भर उन्हाळ्यात फ्रिज.

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. "हे बटण कशाचं रे?"

"अण्णा, ते नाही!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. आणि मग मी बसून त्यांना नीट समजावलं, की गाडी रात्रीच चार्ज होते, रात्री हे बटण चालूच राहायला हवं, चालू राहण्यासाठीच ते आहे.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. झाकण लावलं.

"बरं," ते म्हणाले, "मग सकाळी उठल्याउठल्या बंद करत जाईन."