ट्रेंटनच्या दोघी, फिलाडेल्फियाची एक

गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि गप्पा कुठून कुठे गेल्या देव जाणे, पण नवऱ्याच्या मित्राने मध्येच विचारलं, "वहिनी, तुमच्या त्या लाबेलमध्ये पॅटी सोडली तर बाकीच्या दोघींनी पुढे केलं काय हो?"

लाबेल म्हणजे पॅटी, नोना आणि सारा या तिघी गायिकांचा 1970 च्या दशकातला अमेरिकन गट. माझ्या तोंडात मोदक होता म्हणून तो वाचला. खरं सांगायचं तर वीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचे. त्यामुळे ही पोस्ट थोडी त्याच्यासाठी आणि थोडी माझं प्रायश्चित्त म्हणून.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लोकलने फिलाडेल्फियाला जायचं तर ट्रेंटनला गाडी बदलावी लागते. तिथून गाडी डेलावेअर नदीवर चढली की शेजारच्या पुलावर ही भलीमोठी अक्षरं दिसतात: 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स'. ट्रेंटनने बनवायचं, जगाने घेऊन जायचं. पोलादाच्या, चिनी मातीच्या कारखान्यांचा तो जुना तोरा. नोना हेंड्रिक्स आणि सारा डॅश या दोघी अलीकडच्या, ट्रेंटनच्या. पॅट्रिशिया होल्ट पलीकडची, फिलाडेल्फियाची. चौथी सिंडी बर्डसाँग. 1960 च्या आसपास या चार पोरी एकत्र गायला लागल्या आणि पुढे 'ब्लू बेल्स' झाल्या.

त्यांच्या नावावरचं पहिलं हिट गाणं त्यांनी गायलेलंच नव्हतं! 1962 चं 'आय सोल्ड माय हार्ट टू द जंकमन' गायलं होतं शिकागोच्या 'स्टारलेट्स' नावाच्या मुलींनी. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने त्यावर ब्लू बेल्सचं नाव छापलं आणि यांना कार्यक्रमांतून तेच गाणं म्हणायला पाठवलं. त्या धंद्यात आवाज एकीचा आणि नाव दुसरीचं हे इतकं सहज होत होतं.

पॅट्रिशियाचं 'पॅटी लाबेल' झालं तेही त्याच काळात. गट झाला 'पॅटी लाबेल अँड द ब्लू बेल्स'. 1967 मध्ये सिंडी 'सुप्रीम्स' या गायिकांच्या गाजलेल्या गटात गेली, उरल्या तिघी. मग व्हिकी विकहॅम ही इंग्रज बाई त्यांची मॅनेजर झाली. तिने एकसारखे झगे आणि विग काढायला लावले आणि नाव छाटून नुसतं 'लाबेल' ठेवलं. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. गट तिघींचा, पण पाटी एकीच्या आडनावाची. उद्या दुकान मोडलं तर पाटी कोण घेऊन जाणार हे त्याच दिवशी ठरलं.

दुकान मात्र काय चाललं होतं! ऑक्टोबर 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये कार्यक्रम. तिथे गाणारा हा पहिला कृष्णवर्णीय पॉप गट. प्रेक्षकांना आधीच सांगितलेलं, चंदेरी काहीतरी घालून या. स्टेजवर या तिघी पिसं, चमचमतं चिलखत आणि अंतराळातून आल्यासारखे बूट घालून. त्याच वर्षीचा अल्बम 'नाइटबर्ड्स', ॲलन टूसाँने न्यू ऑर्लिन्समध्ये केलेला. त्यातलं 'लेडी मार्मालेड' मार्च 1975 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. (त्यातल्या चावट फ्रेंच ओळीचा अर्थ आपल्याला तेव्हा माहीतच नव्हता, असं पॅटी सांगते. बरं बाई.)

ते गाणं बाहेरच्या गीतकारांचं. पण 'नाइटबर्ड' हे शीर्षकगीत, 'स्पेस चिल्ड्रन', 'यू टर्न मी ऑन' ही सगळी नोनाची. त्या काळात या गटाला स्वतःचं काही बोलायचं होतं, ते नोनाच्या वहीतून येत होतं. मी कित्येक वर्षं ही गाणी पॅटीची म्हणून ऐकली. आवाज तिचा, म्हणजे गाणंही तिचंच, असं आपण किती पटकन धरून चालतो.

1976 च्या अखेरीस गट फुटला. नोनाला रॉककडे जायचं होतं, साराला डिस्को खुणावत होता, पॅटीला संथ, काळजातून येणारी गाणी हवी होती.

पॅटीचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी एक विसरतात. तिला एकटीने मोठं यश मिळायला सात वर्षं लागली. 'इफ ओन्ली यू न्यू' 1983 चं. आणि 1986 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'ऑन माय ओन', म्हणजे 'माझी मी', हे चक्क द्वंद्वगीत! मायकेल मॅकडॉनल्ड या गायकाने आपला भाग वेगळा गायला, हिने वेगळा. गंमत आहे की नाही?

नोनाने 1977 मध्ये सणसणीत रॉक अल्बम केला. काळी बाई रॉक गाते म्हटल्यावर तो वाजवायचा कुठे? कृष्णवर्णीयांचं 'सोल' संगीत लावणाऱ्या रेडिओ स्टेशनांना तो आपला वाटेना, रॉकवाल्यांना ती आपली वाटेना. कंपनीने तिला सोडून दिलं. ती थांबली नाही. 'टॉकिंग हेड्स' या रॉक बँडच्या 1980 च्या 'रिमेन इन लाइट' अल्बममध्ये ती मागे गाते आहे. 1985 च्या तिच्या 'रॉक धिस हाउस' गाण्यावर 'रोलिंग स्टोन्स'वाल्या कीथ रिचर्ड्सची गिटार आहे आणि त्याला ग्रॅमीचं नामांकनही होतं. याला 'पुढे काही केलं नाही' म्हणायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

आता सारा. माझा जीव हिच्यावर. पोवाड्यात शाहिरामागे झील धरणारे असतात ना, त्यांचा सूर हलला की शाहीर उघडा पडतो. साराचं काम त्या जातीचं, फक्त आवाज वरच्या पट्टीतला. पाद्र्याची मुलगी, तेरा भावंडांतली. तिचं 'सिनर मॅन' डिस्कोच्या लाटेत वाजलं आणि लाटेबरोबर ओसरलं. पण 1988 मध्ये कीथ रिचर्ड्सने स्वतःचा अल्बम केला, त्यातलं 'मेक नो मिस्टेक' ऐका. तो नेहमीसारखा घोगरा, अर्धवट पुटपुटतो. आणि सारा येते. ती त्याला झाकत नाही. त्याच्या आवाजाला जिथे भोक आहे नेमकी तिथे बसते. मी हे गाणं गाडीत ऐकताना दोनदा उतरायचं स्टेशन चुकवलं आहे.

2008 मध्ये तिघींनी 'बॅक टू नाऊ' हा अल्बम केला. 2017 मध्ये ट्रेंटनने साराला शहराची संगीतदूत नेमलं. 18 सप्टेंबर 2021 ला अटलांटिक सिटीत पॅटीच्या कार्यक्रमात ती स्टेजवर जाऊन गायली. 20 तारखेला गेली. 76 वर्षांची होती.

तर त्या रात्री या भावोजींना घरी सोडताना गाडीत मुद्दाम 'मेक नो मिस्टेक' लावलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "वा! वहिनी, ही पॅटी ना?"