ओकच्या पिंपाचं खूळ

तो मेसेज परवा आमच्या भावोजींनी घरच्या ग्रुपवर टाकला. म्हणे खरी बिअर ओकच्या पिंपातली, लाकडाची चव हीच तिची चव. लाकूड नैसर्गिक, त्यात केमिकल नाही. कंपन्यांनी नफ्यासाठी धातूचे केग, म्हणजे बंद पिंपं, आणले आणि तेव्हापासून लोक ॲल्युमिनियम पितायत. इथवर ठीक होतं. पण भावोजी आता आठ हजारांचं ओकचं पिंप मागवायला निघालेत.

आधी ते ‘नैसर्गिक’ प्रकरण. जर्मनीत आणि अमेरिकेत पिंपात गरम राळ ओतायचे आणि पिंप गडगडा लोळवून आतून लेप बसवायचे. कशाला? बिअरला लाकूड लागू नये म्हणून! लेप गेला की पुन्हा. आपल्या पितळी पातेल्याच्या कल्हईसारखंच. इंग्लंडमध्ये राळ लावत नसत, पण तिथेही बाल्टिककडचं, कमी चव सोडणारं ओक निवडून घ्यायचे. ज्या चवीसाठी भावोजी उसासे टाकतायत, ती बिअरमध्ये उतरू नये म्हणून ही सगळी यातायात.

शिवाय लाकडाच्या छिद्रांत जंतू घर करतात, बिअर आंबून जाते. म्हणून परत आलेल्या प्रत्येक रिकाम्या पिंपाच्या बुचाच्या भोकाला नाक लावून हुंगणारा माणूस मोठ्या ब्रुअरीत पगारावर ठेवलेला असे. आंबूस वास आला की पिंप बाजूला. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीने शेवटचं लाकडी पिंप १९६३ च्या मार्चमध्ये भरलं, ते काही उगाच नाही.

ॲल्युमिनियमचं म्हणाल तर बिअर आंबट असते, उघड्या ॲल्युमिनियमला खाते, खरंय. म्हणूनच त्या केगना आतून लेप असायचा. आणि आजचे धातूचे केग बहुतेक स्टेनलेस स्टीलचे. घरी स्टीलच्या पातेल्यात चिंचेची आमटी उकळते, तेव्हा भावोजी दोनदा वाढून घेतात.

नफा? असेल. पिंपं बांधणाऱ्यांची कामं गेली, हे वाईटच झालं. साठच्या दशकात ब्रिटनमधली केगची बिअर मिळमिळीत झाली, हेही कबूल. पण ती गाळून, पाश्चराइझ करून, वर गॅस भरून विकत होते म्हणून. तिच्याविरुद्ध १९७१ साली ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. जुन्या पद्धतीसाठी तिच्याइतकं कुणी भांडलं नसेल. तिची अट काय? ज्या पिंपातून बिअर ग्लासात येते त्यातच ती यीस्टने शेवटची फसफसून मुरलेली हवी, बाहेरचा गॅस नको. पिंप लाकडाचंच हवं, असं त्यात कुठेही नाही.

आणि भावोजी, ते आठ हजारांचं पिंप आतून जाळून काळं केलेलं आहे. व्हिस्कीसाठी असतं ते. खाली वर्णनात लिहिलंय, वाचा.